बाद पद्धतीतला हंगाम

आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल स्पर्धा बाद पद्धतीने खेळवली गेली की सोळा संघांपैकी आठ संघांचा हंगाम पहिल्याच सामन्यात आटोपतो. जुलैत नोटीस लावायची, मुले निवडायची, ऑगस्टभर चिखलात सराव घ्यायचा, कागदपत्रे जमवायची, जर्सी शिवून आणायच्या आणि मग एका सकाळच्या खेळानंतर सगळे सामान पुढच्या जुलैपर्यंत कपाटात ठेवून द्यायचे, असा हा क्रम आहे. नागपुरातील एका अनुदानित महाविद्यालयात मी भूगोल शिकवतो. आमचे शारीरिक शिक्षण संचालक निवृत्त झाले, त्यांचे पद रिक्त राहिले आणि क्रीडा समितीचे काम माझ्याकडे आले. मी स्वतः कधी फुटबॉल खेळलेलो नाही. तरीही गेल्या हंगामात संघाबरोबर जे केले आणि पाहिले ते लिहून ठेवावेसे वाटले, कारण हे काम ज्यांच्या गळ्यात पडते त्यांना नियमावली मिळते, पण संघ प्रत्यक्षात कसा उभा राहतो हे कोणी सांगत नाही.

चाचणीला साठेक मुले आली. त्यांतील निम्म्यांकडे बूट नव्हते आणि ज्यांच्याकडे होते त्यांतील बरीचशी टर्फवर खेळणारी होती. गेल्या काही वर्षांत शहरात कृत्रिम हिरवळीची जाळीबंद मैदाने ठिकठिकाणी झाली आहेत. तासाचे भाडे वर्गणीने भरायचे आणि पाच-सहा जणांच्या बाजू करून रात्री दिव्यांच्या उजेडात खेळायचे, हा फुटबॉल आता सर्वांत सोयीचा झाला आहे. त्या खेळाने पाय चलाख होतात यात शंका नाही. मात्र तिथे ऑफसाईड नसतो, चेंडू जाळीला लागून परत येतो आणि चेंडू गमावल्यावर पन्नास मीटर मागे धावत येण्याची वेळ कोणावर येत नाही. पूर्ण लांबीच्या मैदानावर ही मुले वीस मिनिटांत कमरेवर हात ठेवून उभी राहिली. कामठी, मोहननगर आणि गड्डीगोदाम या भागांतून आलेली मुले याउलट दिसायला अगदी साधे खेळत होती, पण चेंडू कुठे पडणार आहे याचा त्यांना आधीच अंदाज असावा असे वाटत होते.

हा फरक मला एकट्याला नीट दिसला नसता. प्रशिक्षकासाठी अंदाजपत्रकात तरतूद नव्हती. परंतु रेल्वेतून निवृत्त झालेले, तरुणपणी जिल्हा स्पर्धांत अनेक वर्षे क्लबकडून खेळलेले एक गृहस्थ आमच्या एका विद्यार्थ्याच्या ओळखीने यायला तयार झाले. मुले त्यांना काका म्हणू लागली आणि मीही तेच म्हणू लागलो. चाचणीच्या दिवशी मी वही घेऊन प्रत्येकाच्या नावापुढे पास, ड्रिबलिंग, शॉट असे गुण मांडत होतो. काकांनी वहीत डोकावून पाहिले आणि म्हणाले, “सर, बॉल पायात असला का सारेच पोट्टे हुशार रायतेत. बॉल गेल्यावर कोन काय करते ते लिहा.” त्यानंतर आम्ही तेवढेच लिहिले. चेंडू गेल्यावर जो तिथेच थांबून हातवारे करतो तो, जो लगेच वळून मागे धावतो तो, आणि जो ओरडून दुसऱ्याला धावायला लावतो तो, अशा तीन खुणा होत्या. या तिसऱ्या प्रकारातला एकच मुलगा सापडला. तो हँडबॉलचा गोलरक्षक होता, फुटबॉल कधीतरीच खेळला होता, आणि काकांनी त्याला तिथल्या तिथे आमचा गोलरक्षक ठरवून टाकले.

निवडलेल्यांपैकी एक मध्यरक्षक वस्तीतल्या फुटबॉलमधून वर आलेला होता. नागपुरात हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतील मुलांसाठी फुटबॉलचे काम सुरू केले, हे आता सर्वांना माहीत आहे. त्या कामाचा एक परिणाम मात्र कमी बोलला जातो. ज्या मुलांची नावे कोणत्याही शाळेच्या संघात कधी लागली नाहीत, अशी मुले बारावी होऊन महाविद्यालयात येतात तेव्हा त्यांच्या पायात आठ-दहा वर्षांचा खेळ असतो आणि प्रमाणपत्र एकही नसते. आमच्या छापील अर्जात ‘यापूर्वीचे प्रावीण्य’ असा रकाना होता. त्या मुलाने तो कोरा ठेवला होता, आणि संघातला सर्वांत जाणता खेळाडू तोच निघाला.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगायचे तर हा हंगामातील पहिला सामना समजावा. भारतीय विश्वविद्यालय संघाच्या नियमांवर आधारलेली पात्रतेची पत्रके भरावी लागतात. वयाची मर्यादा, बारावी उत्तीर्ण झाल्याचे वर्ष, मधल्या खंडाचे कारण, जन्मतारखेसाठी दहावीचे प्रमाणपत्र, प्राचार्यांची सही आणि छायाचित्रावर अर्धा येईल असा शिक्का, हे सगळे प्रत्येक खेळाडूमागे जमवायचे असते. विद्यार्थी नियमित आणि पूर्णवेळ असावा लागतो, ही त्यातली कळीची अट. आमचा सर्वांत चांगला आघाडीपटू घरोघरी पार्सल पोहोचवण्याचे काम करत असे आणि त्यामुळे त्याने शेवटच्या वर्षाचा अर्ज बहिःस्थ विद्यार्थी म्हणून भरला होता. चाचणीत त्याने तीन गोल केले, आणि दुसऱ्या आठवड्यात कार्यालयातील नोंद पाहिल्यावर त्याला संघात घेता येणार नाही हे स्पष्ट झाले. नियम चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. तो नसता तर काही महाविद्यालयांनी दरवर्षी जिल्ह्यातील क्लबांचे खेळाडू नावापुरते दाखल करून घेतले असते. तो मुलगा नंतरही सकाळच्या सरावाला येत राहिला, बचावपटूंना सराव मिळावा म्हणून त्यांच्याविरुद्ध खेळत राहिला आणि साडेसातला गाडी काढून कामावर जात राहिला.

भूगोलाच्या शिक्षकाचा संघाला काही उपयोग झाला असेल तर तो मैदानाच्या बाबतीत. नागपूर शहर दोन वेगळ्या भूस्तरांच्या सांध्यावर वसलेले आहे. पश्चिमेकडे दख्खनचा काळा बेसॉल्ट आणि त्यापासून झालेली काळी कापसाची माती आहे. पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुने स्फटिकमय खडक आहेत. आणि उत्तरेला कामठीच्या बाजूला वालुकाश्म आहे, ज्याला भूशास्त्रात कामठीचेच नाव मिळालेले आहे. आमचे महाविद्यालय पश्चिमेला आहे. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट हे चिकणमातीचे खनिज भरपूर असते. ते पाणी शोषून फुगते आणि वाळले की आकसते. त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात आमचे मैदान बुटाला धरून ठेवते आणि ऑक्टोबरच्या उन्हात त्याला घोट्यात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. म्हणजे ज्या महिन्यांत सराव करायचा त्या महिन्यांत धावता येत नाही, आणि सामने जवळ आले की धावणे धोक्याचे होते. शिवाय त्याच मैदानावर राष्ट्रीय छात्र सेनेची परेड, व्हॉलीबॉलचे दोन खांब आणि एका कोपऱ्यात कर्मचाऱ्यांची वाहने असतात. आम्ही फक्की मारून आखलेल्या रेषा दुसऱ्या दिवशीच्या पावसात वाहून जात, आणि पेनल्टी क्षेत्र नक्की कुठे संपते याचा वाद गोलरक्षक आणि स्टॉपर यांच्यात रोज होई.

कामठीची मुले सांगत होती की त्यांच्याकडे पाऊस थांबल्यावर तासाभरात खेळता येते. ते खरे असणार हे मला नकाशावरूनच कळत होते. कन्हानकाठच्या वालुकामिश्र मातीत पाणी मुरते. मी काकांना म्हटले की सराव आठवड्यातून दोनदा तिकडेच नेऊ. काका हसले आणि म्हणाले, “तिकडं गेलो सर, तं नुसता सराव नाई होनार. मॅच खेळाव लागन.” त्यांना जे सहज सुचले त्यातूनच आमच्या हंगामाला खरा आकार आला.

कामठीची छावणी १८२१ सालची आहे. पलटणींच्या गावात फुटबॉल रुजतो तसा तो इथेही रुजला, पण पलटणी गेल्यावर तो गावाचा झाला. रब्बानी क्लबसारखे जुने संघ आणि त्यांच्या आसपास वाढलेली मोहल्ल्यांची पथके यांच्यामुळे तिथे संध्याकाळी मैदान रिकामे नसते, आणि कडेला बसलेल्या माणसांना प्रत्येक खेळाडूचा बाप कोणत्या जागी खेळत होता हेही ठाऊक असते. अशा एका स्थानिक संघाशी काकांनी आमचा मैत्रीपूर्ण सामना ठरवला. मुले ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत मेट्रोने आणि तिथून ऑटोने कोंबून कोंबून गेली. समोरच्या संघात चाळिशीकडे झुकलेले, पोट सुटलेले दोन मध्यरक्षक होते. त्यांना पाहून आमच्या मुलांनी एकमेकांकडे बघितले, ते माझ्या लक्षात आहे. आम्ही सहा-शून्य असे हरलो.

ते दोघे संपूर्ण सामन्यात क्वचितच धावले. चेंडू यायच्या आधी ते तिथे उभे असत, एका स्पर्शात तो बाजूला देत आणि पुन्हा चार पावले चालून दुसऱ्या मोकळ्या जागी उभे राहत. आमची मुले चेंडूच्या मागे थव्याने जात होती आणि थवा जिकडे गेला त्याच्या उलट बाजूने गोल होत होते. परतीच्या वाटेवर काकांनी कोणालाही रागावले नाही. पुढच्या वेळेपासून गोल मोजायचे नाहीत, सलग चार पास किती वेळा झाले ते मोजायचे, एवढेच त्यांनी ठरवून दिले आणि मोजण्याचे काम माझ्याकडे दिले. पहिल्या सामन्यात असे किती वेळा झाले होते हे मला कोणी विचारले नाही, ते बरे झाले.

त्यानंतर पावसाने उघडीप दिली की आम्ही कुठे ना कुठे सामना खेळत होतो. कधी कामठीला, कधी मोहननगरच्या मुलांशी, कधी शेजारच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाशी, ज्यांची स्पर्धेची तयारी आमच्याहून कमी होती. आम्ही बहुतेक वेळा हरलो. परंतु मुलांमध्ये जो बदल झाला तो सरावाने होणारा नव्हता. सरावात चूक झाली की शिट्टी वाजते आणि पुन्हा सुरुवात होते. सामन्यात चूक झाली तरी खेळ चालूच राहतो आणि पुढच्या क्षणी दुसरा निर्णय घ्यावा लागतो. उदाहरणार्थ, आमचा डावा बचावपटू पुढे धावत गेला की त्याची जागा रिकामी राहत असे. हे त्याला फळ्यावर आकृती काढून सांगितले, कोन मांडून दाखवले, शेवटी दोरीही ताणून दाखवली. कामठीच्या एका सोळा वर्षांच्या पोराने त्याच रिकाम्या जागेतून त्याच्यावर दोन गोल चढवले, तेव्हा कुठे तो पुढे जाण्याआधी मागे वळून पाहू लागला.

दरम्यान सण आले आणि गेले. पोळ्याच्या पाडव्याला मारबत निघते त्या दिवशी नागपुरात सराव ठेवण्यात अर्थ नसतो, हे मला आधीपासून माहीत होते. गणेशोत्सवात निम्मी मुले मंडळांत होती, तर नवरात्रात दोघे गरब्याला जाऊन घोटा मुरगळून आले. सामानाची खरेदीही याच काळात चालू होती. तीन दरपत्रके मागवायची, तुलनात्मक तक्ता करायचा, समितीची मंजुरी घ्यायची, या रीतसर मार्गाने गोलपोस्टच्या जाळ्या मागवल्या होत्या; त्या आल्या तेव्हा स्पर्धा सुरू होऊन गेली होती. चेंडू मात्र वेळेवर मिळाले. पाच नंबरच्या चेंडूचे वजन ४१० ते ४५० ग्रॅम असावे लागते, आणि आमच्या काळ्या मातीत अर्धा तास लोळलेला जुना चेंडू रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतील तराजूवर ठेवला तेव्हा तो त्याहून बराच जड भरला. मुलांचे पास आखूड का पडत होते याचे थोडेफार उत्तर त्यात होते.

स्पर्धेचे लॉट्स निघाले. पहिल्या फेरीत आम्हांला जिल्ह्याबाहेरील एक महाविद्यालय आले. सामन्याच्या सकाळी आमची मुले रविनगर भागातील विद्यापीठाच्या मैदानावर सहा वाजल्यापासून तयार होती. समोरचा संघ उशिरा आला, त्यातल्या काहींची ओळखपत्रे अपुरी निघाली आणि शेवटी मैदानात उतरण्यास पात्र असे सहाच खेळाडू उरले. नियमानुसार एका बाजूला सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर सामना सुरू करता येत नाही. पंचांनी वाट पाहिली आणि मग आम्हांला वॉकओव्हर दिला. आम्ही पुढच्या फेरीत गेलो, मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि मग काय करावे ते कोणाला सुचेना. समोरच्या सहा मुलांनी पहाटेची एसटी पकडून प्रवास केला होता आणि त्यांचा वर्षाचा हंगाम चेंडूला पाय न लावता संपला होता. काकांनी त्यांच्या शिक्षकांशी बोलून दोन्हीकडची मुले मिसळून अर्धा तास खेळवली. त्यानंतर सगळे मिळून चौकात तर्री-पोहे खायला गेले, त्याचे पैसे मी दिले आणि ते क्रीडा निधीच्या कोणत्याही शीर्षात बसले नाहीत.

उपांत्यपूर्व सामना मात्र सामना झाला. ऑक्टोबरचे ऊन होते, माती आता वाळून टणक झाली होती आणि लांब स्टडचे बूट तिच्यात रुतत नव्हते. काकांनी आदल्या दिवशी सर्वांना आखूड रबरी स्टड घालायला सांगितले होते. ज्यांच्याकडे ते नव्हते त्यांनी राखीव खेळाडूंचे घातले. सामना प्रत्येकी पस्तीस मिनिटांच्या दोन डावांचा होता. पूर्वार्धात आम्ही कॉर्नरवर गोल खाल्ला. पूर्वी अशा वेळी आमची मुले एकमेकांवर ओरडली असती. या वेळी चेंडू मध्यावर येईपर्यंत गोलरक्षक एकटाच बोलत होता आणि बाकीचे ऐकत होते. उत्तरार्धात डाव्या पायाने खेळणाऱ्या कामठीच्या विंगरने थ्रो घेतला, वस्तीतून आलेल्या मध्यरक्षकाने पाठ करून तो परत दिला आणि त्या छोट्या देवाणघेवाणीतून मिळालेल्या जागेतून आलेला क्रॉस आमच्या आघाडीपटूच्या गुडघ्याला लागून गोलमध्ये गेला. गोल देखणा नव्हता. पण त्याआधीचे सलग पास मी सवयीने मोजले होते, आणि ते सात भरले.

बरोबरीनंतर टायब्रेकर झाला. आमचा गोलरक्षक हँडबॉलमधून आला होता, हे येथे महत्त्वाचे ठरले. हँडबॉलचा गोलरक्षक फेकणाऱ्यावर पुढे झेपावत जातो, कोन लहान करतो. ती त्याची पहिली शिकवण असते. फुटबॉलमध्ये २०१९ पासूनच्या नियमाप्रमाणे पेनल्टी मारली जाते त्या क्षणी गोलरक्षकाचा निदान एक पाय गोलरेषेवर किंवा तिच्या सरळ वर असला पाहिजे. काकांनी त्याच्याकडून हे महिनाभर करून घेतले होते, रेषेवर विटेचा तुकडा ठेवून. तरीही तिसऱ्या पेनल्टीला जुनी सवय उफाळली, तो दोन्ही पायांनी पुढे आला, त्याने चेंडू उत्तम अडवला आणि सहायक पंचाने झेंडा वर केला. पेनल्टी पुन्हा घ्यायची होती. मैदानाच्या कडेला आमच्या विद्यार्थ्यांनी गलका सुरू केला, कोणीतरी पंचांना काही बोलले आणि मला आत जाऊन सगळ्यांना मागे सारावे लागले. अकरा मीटरवर चेंडू पुन्हा ठेवला गेला. मारणारा मुलगा तोच होता. एकदा अडवली गेलेली पेनल्टी पुन्हा मारताना दिशा बदलावी की तीच ठेवावी, हा विचार त्याच्या चेहऱ्यावर दिसत होता. आमच्या गोलरक्षकाने या वेळी उजवी टाच रेषेवरच ठेवली आणि नुसते हात पसरून उभा राहिला. चेंडू आडव्या दांड्यावरून गेला. आम्ही चार विरुद्ध तीन असे जिंकलो.

उपांत्य सामना धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या दुसऱ्या दिवशी होता. दीक्षाभूमीवर येणाऱ्या लाखो लोकांच्या व्यवस्थेत आमचे दोन खेळाडू स्वयंसेवक होते. ते रात्रभर पाणीवाटपाच्या मंडपात उभे राहून सकाळी थेट मैदानावर आले. त्यांना ते काम सोडायला सांगणे माझ्या मनातही आले नाही. एका बचावपटूची त्याच सकाळी प्रात्यक्षिक परीक्षा होती, कारण हिवाळी सत्राचे वेळापत्रक आणि क्रीडा स्पर्धांचे वेळापत्रक वेगवेगळ्या टेबलांवर तयार होते आणि ती टेबले एकमेकांशी बोलत नाहीत. आम्ही दोन-शून्य हरलो. या गैरहजेरीमुळे हरलो असे मात्र मी म्हणणार नाही. समोरच्या संघातील सहा-सात मुले जिल्हा संघटनेच्या स्पर्धांत वर्षभर क्लबकडून खेळणारी होती. ती आमच्याहून फार वेगवान नव्हती, फार बलवानही नव्हती. घाईच्या वेळी ती कमी घाई करत होती, आणि ते केवळ सामन्यांच्या संख्येने येते.

नंतर विद्यापीठ संघाच्या निवड चाचणीसाठी आमची तीन मुले गेली आणि डावा विंगर निवडला गेला. पश्चिम विभागात महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, राजस्थान आणि गोवा येथील विद्यापीठे असतात; तिथून पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेत जातात. शिबिर, ट्रॅकसूट आणि स्लीपरच्या डब्यातला लांबचा प्रवास हे सगळे त्याला मिळाले, दोन सामन्यांत बदली खेळाडू म्हणून उतरताही आले. परत आल्यावर त्याने मला विचारले की या प्रमाणपत्राचा नोकरीसाठी उपयोग होईल का. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे, हे मुलांना पक्के ठाऊक असते. मात्र त्यासाठी मोठ्या स्पर्धेत प्रावीण्य, म्हणजे पदकाच्या पातळीची कामगिरी लागते, हे पुष्कळांना तिथपर्यंत पोहोचल्यावर कळते. मी त्याला तसे स्पष्ट सांगितले. त्याने मान डोलावली आणि “सर, पुढल्या वर्षी मग मेडलच आनतो,” असे म्हणाला. तो दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे त्याच्याकडे निदान एक हंगाम उरला आहे.

जमाखर्च मिटवताना आणि सामान डेड स्टॉकच्या नोंदवहीत चढवताना मी एका कोऱ्या पानावर साधे गणित मांडले. बाद पद्धतीत सोळा संघांसाठी पंधरा सामने पुरतात. आयोजकांना ती परवडते याचे कारण तेच आहे. सर्वांनी सर्वांशी खेळायचे म्हटले तर एकशे वीस सामने होतात आणि ते कोणालाच शक्य नाही. पण चार-चार संघांचे चार गट केले, गटात साखळी ठेवली आणि गटविजेत्यांचे उपांत्य व अंतिम सामने घेतले, तर एकूण सत्तावीस सामने होतात आणि प्रत्येक महाविद्यालयाला निदान तीन सामने मिळतात. बारा सामने जास्त, म्हणजे दोन मैदानांवर तीन दिवसांचा वाढीव खेळ. पहाटेच्या एसटीने आलेल्या त्या सहा मुलांचे साथीदारही मग दुसऱ्या दिवसापर्यंत आपली ओळखपत्रे आणू शकले असते. बाद पद्धत चांगला संघ शोधून काढते हे मी मान्य करतो, परंतु ती चांगला संघ घडू देत नाही; ज्यांना सामन्यांची सर्वाधिक गरज आहे त्यांनाच ती सर्वांत आधी घरी पाठवते. हरण्याच्या भीतीने तिथे पहिल्या फेरीत जो फुटबॉल खेळला जातो, तोही बहुतेक चेंडू उंच मारून लांब घालवण्याचाच असतो.

मोठी स्पर्धा कशी घ्यावी हे ठरवणे माझ्या हातात नाही. म्हणून आम्ही आसपासच्या तीन महाविद्यालयांना पत्रे पाठवली आहेत. ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये शनिवारी सकाळी चौघांनी एकमेकांशी दोनदा खेळायचे, म्हणजे प्रत्येकी सहा सामने. पंचांचे मानधन वाटून घ्यायचे. आणि काळ्या मातीची अडचण लक्षात घेऊन निदान निम्मे सामने कामठीच्या बाजूला ठेवायचे, असा प्रस्ताव आहे. काकांनी त्यात एक अट घातली आहे की पात्रतेचे कागद पूर्ण नसलेली मुलेही या सामन्यांत खेळू शकतील, त्यामुळे पार्सल पोहोचवणारा आमचा आघाडीपटू सकाळी साडेसातपर्यंत तरी उपलब्ध असेल. दोन महाविद्यालयांचा होकार आला आहे. तिसऱ्याने मैदानाचे भाडे कोण भरणार, असे विचारले आहे, आणि त्याचे उत्तर सध्या आमच्या लेखा विभागाकडे आहे.